चौदा ओळींची पत्रं: मध्ययुगीन इटालियन कविता शिकावी आणि शिकवावी कशी

मध्ययुगीन इटालियन कविता वाचायची ठरवली की बहुतेक जण थेट दान्तेची ‘कोमेदिया’ उचलतात, म्हणजे इंग्रजीत ‘डिव्हाइन कॉमेडी’ म्हणतात ते, मृत्यूनंतरच्या तीन लोकांतल्या प्रवासाचं काव्य. पहिला खंड ‘इन्फेर्नो’, म्हणजे नरक. पाचव्या-सहाव्या सर्गापर्यंत उत्साह टिकतो, मग तळटिपा वर चढत येतात आणि पुस्तक मिटलं जातं. यात दोष क्रमाचा आहे. १४,२३३ ओळींचं ते काव्य ज्या संभाषणातून उगवलं ते त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं चालू होतं. कवी एकमेकांना चौदा ओळींची सुनीतं पाठवत होते, उत्तरं मागत होते, उत्तर आलं की खूश होत होते किंवा चिडत होते. ती पत्रं आधी वाचली की ‘कोमेदिया’तली माणसं ओळखीची वाटू लागतात.

म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी उच्चार, मग एक ओळ, मग एक सुनीत, मग सुनिताला आलेलं उत्तर, आणि मग ‘कोमेदिया’. कॉलेजात शिकवणारे, वाचनगट चालवणारे आणि घरी एकट्याने वाचणारे या तिघांनाही तो चालेल. इटालियन येत नसलं तरी सुरुवात करता येते.

आवाका आखून घ्या

साधारण १२२५ ते १३७४ एवढा काळ पुरे. एका टोकाला असिसीच्या संत फ्रान्सिसचं सूर्यस्तोत्र, दुसऱ्या टोकाला पेत्रार्काचा मृत्यू. इटली नावाचा देश तेव्हा नव्हता, त्यामुळे नकाशा समोर ठेवून शिकवणं फार उपयोगी पडतं. दक्षिणेत सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा दरबार. तिथले कवी म्हणजे दरबारातले अधिकारी, कायदेपंडित, लेखनिक. त्यांनी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्साल कवींकडून प्रेमकवितेची रीत घेतली आणि ती सिसिलियन बोलीत आणली. त्यांच्यातला जाकोमो दा लेन्तीनी हा लेखप्रमाणक, म्हणजे नोटरी. सुनीत हा चौदा ओळींचा घाट त्यानेच घडवला असं मानलं जातं. आपल्याकडे केशवसुतांनी आणला आणि रविकिरण मंडळाने रुळवला तो हाच घाट, फक्त इंग्रजीमार्गे सहा-साडेसहाशे वर्षांनी आलेला.

सिसिलीकडून धागा तोस्कानात येतो, आरेत्सोचा ग्वित्तोने तो पुढे नेतो. बोलोन्यात ग्वीदो ग्वीनित्सेल्ली त्याला नवं वळण देतो. फ्लॉरेन्समध्ये ग्वीदो काव्हाल्कान्ती आणि त्याच्याहून लहान दान्ते (१२६५–१३२१) ते वळण टोकाला नेतात. सिएनाचा चेक्को आंजोलिएरी या सगळ्यांची टर उडवतो. शेवटी आव्हिन्यों आणि उत्तर इटलीत फिरणारा पेत्रार्का. एवढी नावं फळ्यावर नकाशासकट लिहिली की पहिल्या तासाला इतिहासाचं व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. मी तर म्हणेन, देऊच नका.

उच्चार: मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे

इटालियनमध्ये लिहिलेलं जवळजवळ सगळं उच्चारलं जातं. अडचणीच्या जागा मोजक्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मराठीने आधीच सोडवलेल्या आहेत. रोमन ‘सी’पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की उच्चार ‘चहा’तल्या च सारखा. ‘झेड’चा उच्चार मात्र बरेचदा ‘चाक’मधल्या दंत्य च सारखा, आणि काही शब्दांत ‘जाळं’मधल्या ज सारखा. हे दोन च आणि दोन ज आपण लहानपणापासून वेगळे काढतो. ‘सी’ आणि ‘जी’पुढे ‘एच’ आला तर क आणि ग. एरवी ‘एच’ मुका. ‘जी-एन’ म्हणजे न्य, ‘जी-एल-आय’ म्हणजे ल्य.

जोडव्यंजनांना मात्र पूर्ण वजन द्यायचं. ‘फातो’ म्हणजे नशीब, ‘फात्तो’ म्हणजे केलेलं. ‘पका’ आणि ‘पक्का’ यांत फरक करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण इंग्रजीच्या सवयीने वाचणारे विद्यार्थी एकच त म्हणून मोकळे होतात. सुरुवातीला कविता देवनागरीत लिहून द्या, शेजारी मूळ रोमन. तीन-चार कवितांनंतर देवनागरी काढून घ्या. फार काळ ठेवली तर तिची कुबडी होते.

एक ओळ हाताने मोजा

या कवितेची मुख्य ओळ अकरा अक्षरांची. इथे अक्षर म्हणजे उच्चारातला एक तुकडा. लघु-गुरू पाहायचं नाही. या बाबतीत ती आपल्या अक्षरगणवृत्तांपेक्षा ओवी-अभंगाच्या छंदाच्या जवळची आहे. पण एक अट जास्त: दहाव्या अक्षरावर आघात हवाच, आणि मध्ये चौथ्या किंवा सहाव्यावर बहुधा असतो. ‘कोमेदिया’ची पहिली ओळ घ्या:

नेल् / मेद् / झो / देल् / काम् / मीन् / दी / नोस् / त्रा / व्ही / ता

सरळ अकरा, आघात दुसऱ्या, सहाव्या, दहाव्यावर. आता दान्तेच्याच एका प्रसिद्ध सुनिताची पहिली ओळ:

तान् / तो / जेन् / ती / ले ए / तान् / तो ओ / नेस् / ता / पा / रे

शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या आरंभी स्वर आला की दोन्ही मिळून एक अक्षर. संधी होत नाही, दोन्ही स्वर ऐकू येतात, पण मोजताना एकच. वर्गात बोटांवर मोजायला लावा. मग ही ओळ द्या, दान्तेने ग्वीदो काव्हाल्कान्तीला लिहिलेली:

ग्वी / दो इ / वोर् / रेई / के / तू / ए / ला / पो एद् / ई / ओ

‘ग्वीदो, मला वाटतं की तू, लापो आणि मी…’ इथे ‘तू’ आणि ‘ए’ वेगळे मोजावे लागतात, नाहीतर ओळ दहाच भरते. कारण ‘तू’वर जोर आहे. नियम पाठ करण्याऐवजी विद्यार्थ्याने ‘ही ओळ कमी का पडतेय?’ असं विचारत इथपर्यंत यावं. मोजणी चुकली की अर्थही कुठेतरी निसटलेला असतो, असा अनुभव वारंवार येतो. शिवाय मोजायला लावलं की वर्गातला सगळ्यात गप्प मुलगाही बोलतो, हा आणखी एक फायदा.

एक सुनीत, पूर्ण

‘तान्तो जेन्तीले’ हे सुनीत ‘व्हीता नोव्हा’ या दान्तेच्या गद्यपद्य पुस्तकात आहे. १२९० मध्ये दान्तेच्या प्रेमकवितांतली स्वामिनी बेआत्रीचे वारली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत दान्तेने आपल्या जुन्या कविता निवडून, भोवती गद्य विणून हे पुस्तक केलं. पहिल्या चार ओळींचा साधा आशय असा: माझी स्वामिनी कुणाला अभिवादन करते तेव्हा ती इतकी कुलीन आणि इतकी शालीन प्रकटते, की प्रत्येक जीभ थरथरत मुकी होते आणि डोळ्यांना तिच्याकडे पाहायचं धाडस होत नाही.

शिकवण्याचा क्रम सांगतो. तीनदा वाचायचं: एकदा शिक्षकाने, एकदा विद्यार्थ्यांनी एकेक ओळ, एकदा सगळ्यांनी. अर्थ अजून सांगायचा नाही. मग ओळींच्या शेवटांना अक्षरं द्यायला सांगा. पहिल्या आठ ओळींत कखखक कखखक असं यमक निघतं, पुढच्या सहांत गघच चघग. म्हणजे दुसरी तिकडी ही पहिलीचं आरशातलं रूप. हे विद्यार्थ्यांच्या हाती स्वतःहून लागलं पाहिजे.

मग आशय, आणि मग प्रश्न: ही बाई दिसते कशी? केस? डोळे? उंची? सुनितात यातलं काहीच नाही. आहे ते फक्त तिला पाहणाऱ्यांचं काय होतं ते. जिभा मुक्या होतात, डोळे खाली जातात, काळजात गोडवा उतरतो. शेवटचा शब्द आज्ञार्थी आहे, ‘सोस्पीरा’, उसासा टाक. तो आत्म्याला उद्देशून आहे, पण मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याचाच श्वास सुटतो. हा अनुभव वर्गात आला की अर्धं काम झालं.

शब्दकोश इथे लागतो. आजच्या इटालियनने हे सुनीत वाचलं तर फसगत होते. ‘पारे’ म्हणजे आज ‘वाटते’, इथे ‘डोळ्यांपुढे स्पष्ट प्रकटते’. ‘लाब्बिया’ ओठांसारखं ऐकू येतं, पण इथे अर्थ चेहरा. ज्यांफ्रांको कोन्तीनी या समीक्षकाने १९४७ मध्ये याच एका सुनितावर निबंध लिहून ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचे हे सापळे दाखवून दिले. शिकवणाऱ्याने तो जरूर मिळवावा.

दुसऱ्या तासाला काव्हाल्कान्तीचं ‘की ए क्वेस्ता के व्हेन’ शेजारी ठेवा. तिथेही बाई चालत येते, सगळे बघतात, हवा उजेडाने थरथरते. पण शेवट होतो तो ‘तिला जाणून घेण्याएवढं आपलं मन कधीच उंच नव्हतं’ या कबुलीवर. दान्तेकडे गोडवा, काव्हाल्कान्तीकडे हतबलता. साहित्य एकच, दोन मित्रांची स्वभाववृत्ती वेगळी. मला स्वतःला काव्हाल्कान्ती जास्त आवडतो. विद्यार्थी बहुधा दान्तेच्या बाजूने उभे राहतात. वाद होऊ द्या.

पत्र आणि उत्तर

हा या अभ्यासातला सगळ्यात रसाळ भाग आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत तो तळटिपेत ढकललेला असतो.

अठराव्या वर्षी दान्तेला एक स्वप्न पडलं. प्रेमदेव हातात कवीचं जळतं हृदय घेऊन उभा आहे, बाहूंत वस्त्रात लपेटलेली झोपलेली स्वामिनी. तो तिला उठवतो, ते हृदय भीत भीत खायला लावतो आणि रडत निघून जातो. दान्तेने याचं सुनीत केलं आणि नावाजलेल्या कवींना पाठवून अर्थ विचारला. काव्हाल्कान्तीने गंभीर, उदार उत्तर दिलं, आणि तिथून आमची मैत्री सुरू झाली असं दान्ते लिहितो. दान्ते दा मायानो नावाच्या दुसऱ्या कवीने उत्तर धाडलं ते असं: डोकं ठिकाणावर असेल तर अंडकोष भरपूर पाण्याने धू, म्हणजे तुला बरळायला लावणारी वाफ उतरेल, आणि तुझं मूत्र वैद्याला दाखवल्याखेरीज माझं मत बदलणार नाही.

दोन्ही उत्तरं वर्गात वाचा. ‘मध्ययुगीन’ या शब्दाने आलेला सगळा सोवळेपणा एका मिनिटात उतरतो. अशा सुनीत-संवादाला ‘तेन्सोने’ म्हणतात आणि उत्तर पुष्कळदा मूळच्याच यमकांत द्यायचं असतं. आपल्या कलगी-तुऱ्यात सवाल टाकणारा समोरच्याला ज्या पेचात पकडतो, तोच हा पेच.

करायचं असं. मूळ सुनीत द्या, उत्तरं दाखवू नका. प्रत्येकाने मराठीत चौदा ओळींचं उत्तर लिहून आणायचं, यमकाची आखणी मूळचीच. अर्थ लावायचा, टर उडवायची की सांत्वन करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. उत्तरं वाचून झाली की मग खरी उत्तरं वाचायची. ज्याने स्वतः चौदा ओळी जुळवल्या आहेत त्याला काव्हाल्कान्तीची सफाई समजावून सांगावी लागत नाही.

याच पद्धतीने आणखी एक जोडी घ्या. ‘ग्वीदो, तू, लापो आणि मी एका नावेत बसावं, जादूने, आणि वारा कसाही असो, आपल्या मर्जीने फिरावं, सोबत आपापल्या स्त्रिया, आणि सतत प्रेमाच्या गोष्टी’ असं दान्ते लिहितो. काव्हाल्कान्ती उत्तर देतो की मी प्रेमाला पात्र असलेला तो जुना माणूस उरलो असतो तर मला तुझी नाव आवडली असती. मैत्रीतला हा नकार फार सुंदर आहे. तिसरी जोडी दान्ते आणि फोरेसे दोनाती यांच्या शिवीगाळीची. एक दुसऱ्याच्या बायकोच्या खोकल्यावरून बोलतो, दुसरा वडिलांवर जातो. ती राखून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि चेक्कोचं ‘मी आग असतो तर जग जाळलं असतं, वारा असतो तर झोडपून काढलं असतं’ हे पहिल्याच आठवड्यात घ्या. ते शिकवावं लागत नाही. कोम्प्यूता दोन्झेल्ला या नावाने तीन सुनीतं मिळतात, त्यांतलं वसंताचं नक्की घ्या. जग पालवतं, प्रेमिक आनंदात, आणि ती रडते, कारण बाप तिला मनाविरुद्ध नवरा देतोय. ती खरंच होती का यावर अभ्यासकांत वाद झाले. या वादाबद्दल विद्यार्थिनींना काय वाटतं ते जरूर विचारा.

कविता कुणाच्या हातून आली

दान्तेच्या हस्ताक्षरातली एकही ओळ उरलेली नाही. ‘कोमेदिया’ची आठशेच्या आसपास हस्तलिखितं आहेत आणि त्यांत पाठभेदांचा सुकाळ. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही: मूळ १२९० ची, नाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केलेली प्रत, मग राजवाड्यांनी छापलेली निराळी प्रत. ‘आपण वाचतो तो पाठ कुणी ठरवला?’ हे मराठी वर्गात याच उदाहरणाने सांगावं. आज ‘कोमेदिया’चा बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा पाठ जॉर्जो पेत्रोक्कीने १९६६–६७ मध्ये सिद्ध केला, चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या हस्तलिखितांवरून. वर ज्याला ‘लापो’ म्हटलं त्याच्या जागी काही संपादक ‘लिप्पो’ वाचतात, तेही सांगा.

सिसिलियन कवितेची गंमत आणखी मोठी. ती आपल्याला मुख्यतः तोस्कानातल्या लेखनिकांनी उतरवलेल्या वह्यांतून मिळते. सगळ्यात मोठी वही व्हॅटिकनमध्ये आहे, क्रमांक ‘व्हॅटिकन लॅटिन ३७९३’. लेखनिकांनी उतरवताना सिसिलियन शब्दांना तोस्कान रूप दिलं, त्यामुळे मूळची यमकं मोडली: एका ओळीच्या शेवटी इ, दुसरीच्या शेवटी ए. पुढच्या कवींना वाटलं ही सूटच असते, आणि त्यांनी तशी यमकं मुद्दाम वापरली. नकलाकाराच्या हातून निपजलेली काव्यपरंपरा! स्तेफानो प्रोतोनोतारोची ‘पिर मेउ कोरी आल्लिग्रारी’ ही मात्र जवळजवळ मूळ रूपात वाचली. ती आणि कुठलीही तोस्कानीकृत कविता शेजारी ठेवून यमकं तपासायला द्या.

व्हॅटिकन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुष्कळ हस्तलिखितं पानागणिक बघायला मिळतात. कविता तिथे गद्यासारखी, ओळी न तोडता लिहिलेली पाहून विद्यार्थी चकित होतात. विरामचिन्हांवरून ओळी सोडवायला लावा, अर्ध्या तासाचं उत्तम काम आहे. मुंबईकरांसाठी एक माहिती: एशियाटिक सोसायटीकडे ‘कोमेदिया’चं जुनं हस्तलिखित आहे, एल्फिन्स्टनच्या देणगीतून आलेलं. मुसोलिनीने ते मागितल्याची आणि सोसायटीने नकार दिल्याची हकीकत नेहमी सांगितली जाते. आपण गेलो की दाखवतील असं गृहीत धरू नका, आधी लिहून विचारा.

बाकी साधनं थोडक्यात. जुन्या इटालियनचा ‘तेसोरो’ हा कोश फ्लॉरेन्सच्या ‘ओपेरा देल व्होकाबोलारियो इतालियानो’ संस्थेचा, ऑनलाइन, विनामूल्य. डार्टमथच्या दान्ते प्रकल्पात सत्तरहून अधिक भाष्यं एका ओळीवर शोधता येतात, दान्तेच्या मुलाच्या भाष्यापासून. कोलंबिया विद्यापीठाचा ‘डिजिटल दान्ते’ सर्गवार विवेचनासाठी, त्रेक्कानीचा दान्तेकोश नावागावांसाठी. येलमधली जुझेप्पे मात्सोत्ता यांची व्याख्यानं ऐकायला मिळतात. एवढ्यात दोन वर्षं निघतात. भाषांतरं नेहमी दोन ठेवा, एक गद्य आणि एक पद्य, म्हणजे दोन्ही जिथे वेगळी पडतात तिथे मूळ ओळ उघडायची सवय लागते.

‘कोमेदिया’: कवी कवींना भेटतात

शंभर सर्ग एका सत्रात होत नाहीत. नेहमीची निवड म्हणजे नरकातले ठळक प्रसंग: पाओलो-फ्रान्चेस्का, उलिस्से, उगोलीनो. ते प्रसंग थोरच आहेत, पण तुकड्या-तुकड्यांनी उरतात. पत्रं वाचून आलेल्या वर्गासाठी माझी निवड वेगळी असते: जिथे दान्ते कवींना किंवा कवींच्या माणसांना भेटतो ते सर्ग.

नरकाच्या पहिल्या सर्गानंतर थेट दहावा. जळत्या थडग्यातून काव्हाल्कान्ते, म्हणजे ग्वीदोचा बाप, डोकं वर काढतो आणि विचारतो: बुद्धीच्या जोरावर तू इथून चालला आहेस, तर माझा मुलगा कुठाय, तुझ्याबरोबर का नाही? दान्ते उत्तरात एक भूतकाळी क्रियापद वापरतो, ‘एब्बे’. बाप दचकतो. ‘काय म्हणालास? होता? तो जिवंत नाही?’ दान्ते क्षणभर घुटमळतो, तेवढ्यात म्हातारा मागे कोसळतो, पुन्हा दिसत नाही.

आता फळ्यावर तारखा लिहा. काव्यातला प्रवास १३०० च्या वसंतातला, तेव्हा ग्वीदो जिवंत आहे. त्याच वर्षी जूनच्या मध्यापासून दोन महिने दान्ते फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्या मंडळात, प्रिओर. त्या मंडळाने भांडणाऱ्या दोन्ही गटांच्या म्होरक्यांना हद्दपार केलं, त्यात ग्वीदो होता. तो आजारी पडला, परत आला आणि ऑगस्टच्या अखेरीस वारला. दान्ते हे लिहीत होता तेव्हा त्याला हे सगळं ठाऊक होतं, आणि तोवर तो स्वतःही हद्दपार झाला होता. ज्या विद्यार्थ्यांनी नावेचं सुनीत आणि त्याचा नकार वाचलेला आहे, त्यांच्यापुढे या तारखा ठेवून गप्प बसा. काही मिनिटं कुणी बोललं नाही तरी चालेल.

पुढे ‘पुर्गातोरियो’, म्हणजे पापक्षालनाच्या डोंगराचा दुसरा खंड. दुसऱ्या सर्गात गायक कासेल्ला दान्तेचंच गीत गातो आणि सगळे आत्मे ऐकत थांबतात. अकराव्यात चित्रकार ओदेरीसी म्हणतो, एका ग्वीदोने (काव्हाल्कान्तीने) दुसऱ्या ग्वीदोकडून (ग्वीनित्सेल्लीकडून) भाषेचं वैभव घेतलं, आणि दोघांना घरट्यातून हाकलणारा कदाचित जन्मलाही असेल. दान्तेचा नम्रपणा इथे जरा पातळच आहे, आणि तेही गर्विष्ठांच्या पायरीवर! तेविसाव्यात फोरेसे भेटतो. राखून ठेवलेली शिवीगाळ इथे काढा: फोरेसेची तीच बायको आता आपल्या अश्रूंनी त्याला वर आणते, आणि दोघे मित्र त्या दिवसांची आठवणही जड झाल्याचं बोलतात. चोविसाव्यात लुक्काचा बोनाजुन्ता ‘गोड नवी शैली’ हे नाव उच्चारतो. इतिहासांच्या पुस्तकांतलं ‘दोल्चे स्तील नोव्हो’ ते हेच. सव्विसाव्यात ग्वीनित्सेल्ली, ज्याला दान्ते बाप म्हणतो, आणि अखेर आर्नाउत दानिएल, जो इटालियन काव्यात आठ ओळी आपल्या प्रोव्हान्सालमध्येच बोलतो. त्या ओळी भाषांतर न करता मोठ्याने वाचा.

आठवड्याला एक सर्ग हा वेग बरा. अख्खा सर्ग मूळातून ऐकायला दहाएक मिनिटं लागतात, ती द्यायचीच. त्रिपदीचं यमक (कखक, खगख, गघग) फळ्यावर एकदा दाखवलं की पुरे, कान बाकीचं करतो.

सिंधूकाठचा माणूस

भारतीय वर्गात एक प्रश्न लवकर येतो: ख्रिस्त न मानणाऱ्यांना हा कवी कुठे ठेवतो? टाळू नका. नरकाच्या अठ्ठाविसाव्या सर्गात पैगंबर मुहंमदांचं चित्रण क्रूर आहे. तो सर्ग शिकवणार असाल तर त्या काळच्या ख्रिस्ती समजुतींची पार्श्वभूमी आधी द्या, धक्कातंत्र म्हणून वापरू नका. चौथ्या सर्गात मात्र सलादिन, इब्न सिना आणि इब्न रुश्द सज्जनांच्या दालनात आहेत, हेही त्याच तासाला दाखवा.

पण खरा सर्ग ‘पारादीसो’चा, म्हणजे स्वर्गाच्या खंडाचा, एकोणिसावा. दान्तेच्या मनातली शंका गुरुग्रहावरचा, न्यायी राजांच्या आत्म्यांचा बनलेला गरुड बोलून दाखवतो: एक माणूस सिंधूच्या काठी जन्मतो, तिथे ख्रिस्ताबद्दल बोलणारा, वाचणारा, लिहिणारा कुणी नाही. त्याची वृत्ती-कृती चांगली. तो बाप्तिस्मा न घेता मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कुठला? गरुड आधी दान्तेला दटावतो, तू कोण न्यायासनावर बसणारा म्हणून. मग म्हणतो की ‘ख्रिस्त, ख्रिस्त’ ओरडणारे कितीतरी जण निवाड्याच्या दिवशी त्याच्यापासून ख्रिस्ताला न ओळखणाऱ्यापेक्षा दूर असतील. आणि विसाव्या सर्गात रिफेउस हा ट्रॉयचा योद्धा, ख्रिस्तपूर्व काळातला, स्वर्गात निघतो.

हे उत्तर आहे का? विद्यार्थ्यांना लेखी मांडू द्या. उत्तर पुरेसं नाही असं ज्याने सर्गातल्या ओळी दाखवून सिद्ध केलं, त्याला पूर्ण गुण द्या.

पेत्रार्का, थोडा

पेत्रार्का एका सत्राच्या शेवटी कोंबू नये. जागा कमी असेल तर तीन कविता आणि एक हस्तलिखित एवढंच घ्या. त्याच्या संग्रहात ३६६ कविता आहेत, त्यांतली ३१७ सुनीतं, आणि काही भाग त्याच्याच हस्ताक्षरात असलेली प्रत व्हॅटिकनमध्ये आहे. त्याहून गमतीची शेजारची ‘३१९६’ क्रमांकाची, कच्च्या खर्ड्यांची. खोडलेल्या ओळी, समासात लॅटिन शेरे, कुठे ‘होक प्लाचेत’, म्हणजे ‘हे आवडलं’. दान्तेची एकही ओळ त्याच्या हाताची नाही आणि इथे पेत्रार्काचं मन बदलताना दिसतं. पहिलं सुनीत बऱ्याच कवितांनंतर लिहिलेलं, तेव्हा ते शेवटी वाचा.

परीक्षा आणि यंत्र

सर्गाचा सारांश घरून लिहून आणायला सांगितलात तर तो यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, येणार, हे धरून चाला. जुन्या शब्दांना आजचे अर्थ लावण्याची चूक यंत्रही बहुधा करतं, तेव्हा एखादं यंत्राने केलेलं भाषांतर आणून कोशाच्या मदतीने त्यातले सापळे शोधायला लावणं हाच चांगला गृहपाठ होतो. गुणांची वाटणी मी अशी करेन: वाचन आणि ओळमोजणी समोर बसून तोंडी, एका सुनिताला मराठीत उत्तर, एका ओळीवर तीन भाष्यकारांची तुलना, आणि एक छोटा निबंध वर्गातच, मूळ समोर ठेवून. पाठांतराची सक्ती नको, पण ज्याला चौदा ओळी पाठ येतात त्याला थोडे गुण अधिक.

इटलीत २०२० पासून २५ मार्च हा दान्तेचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे तो नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो. जमलं तर संध्याकाळी तासभर जाहीर वाचन ठेवा: विद्यार्थ्यांची मराठी उत्तरं आधी, मग दान्तेचं स्वप्न, मग दान्ते दा मायानोचा वैद्यकीय सल्ला, आणि शेवटी काव्हाल्कान्तीचं उत्तर. मायानोला शेवटी ठेवू नका, त्याच्यानंतर लोक नुसते हसत बसतात.